कायम मोफत

होय, मीच बोलतोय. डिलाईल रोडच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, फ्रिजच्या डोक्यावर चार्जिंगला लावलेला हा फोन. उजव्या कोपऱ्यात काच तडकलेली आहे, पाठीवर लहान मुलीने चिकटवलेलं फुलपाखरू आहे. आम्हा फोनांना लोक दिवसभर बोलायला लावतात, पण तुला काय म्हणायचंय, असं एकदाही विचारत नाहीत. आज मी न विचारता बोलणार आहे. मला राग आलाय. माझ्याच पोटात राहिलेल्या एका भामट्याने एका आईचं अकरा महिन्यांचं लिहिलेलं गिळलं, आणि मी काही करू शकलो नाही. तो राग मनात ठेवून भंगारात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. पांढरी टोपी घातलेल्या एका मुलीने माझ्या काचेवर बोट फिरवलं आणि "ओके" म्हणाली. मी ऐकलेला तो पहिला शब्द. तिथून खोक्यात बसून मी मुंबईला आलो आणि विनीत घाडीच्या हाती पडलो.

विनीत मनाचा चांगला, पण नवीन काही दिसलं की त्याला राहवत नाही. वर्षभरात त्याने माझ्यात टिपणं ठेवायची सहा ॲप भरली. त्या सहांत मिळून त्याने एकच टिपण लिहिलं, "जिम लावणे." पुढे त्याने नवा फोन घेतला आणि मला वहिनीला देऊन टाकलं.

ही वहिनी म्हणजे दर्शना. लोअर परळच्या एका बालवाडीत ती मदतनीस आहे. तिचा नवरा राहुल टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे दिवसभर तो कुठल्यातरी खड्ड्यात उतरलेला नाहीतर कुठल्यातरी छतावर चढलेला. घरात सासू जाईबाई, दीर विनीत आणि मुलगी अक्षदा. सहावा मी.

मी दर्शनाकडे आलो त्याच वर्षी अक्षदाला फिट येऊ लागल्या. पहिली शाळेत, डबा खाताना. दुसरी घरी, माझ्यासमोर. मुलगी खिडकीकडे बघत राहिली, उजवा हात वळला आणि मग अख्खं अंग. दर्शनाने तिला कुशीवर वळवलं. जाईबाई घड्याळाखाली उभी राहिली आणि मोठ्याने मिनिटं मोजू लागली. घाबरल्या दोघीही होत्या, पण एकीनेही आरडाओरडा केला नाही.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथल्या डॉक्टर संघमित्रा गायकवाड वयाने तरुण, बोलायला एक घाव दोन तुकडे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, त्यामुळे समोरच्या बाईला घरात किती जागा आहे, किती माणसं आहेत, हे त्यांना विचारावं लागत नसे. पहिली गोळी सुरू करून त्या म्हणाल्या, "अक्षदाच्या आई, आता खरं काम तुमचं. प्रत्येक फिटची नोंद हवी. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं, डोळे कुठे गेले, कुठला हात आधी वळला, नंतर झोपली का. फिट मेंदूत कुठून सुरू होते, ते मला तुमच्या लिहिण्यातून कळणार आहे. गोळी बदलायची की तीच वाढवायची, ते त्यावर ठरेल."

"मी लिहीन मॅडम," दर्शना म्हणाली.

आधी ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायची. पण फिट काही कॅलेंडर बघून येत नाही. एक शाळेच्या फाटकात आली, एक चिंचपोकळीच्या पुलावर. घरी पोचून लिहीपर्यंत मिनिटांचा गोंधळ व्हायचा. विनीत म्हणाला, "वहिनी, फोन आहे ना तुझ्याकडे! टेन्शन नको घेऊ. मी तुला मस्त ॲप बघून देतो, एकदम फ्री."

एका रविवारी दुपारी चहा पीत त्यांनी ॲप निवडलं. कारखान्यातूनच माझ्यासोबत आलेलं एक साधं ॲप होतं. विनीतने ते बघून नाक मुरडलं, "हे काय, वाण्याच्या यादीसारखं!" दुसऱ्याला मराठीत शोधता येत नव्हतं. तिसऱ्याने उघडताक्षणी विचारलं, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर बघू का? "टिपणं लिहायला याला आमच्या मामाचा नंबर कशाला?" दर्शना म्हणाली. ते तिनेच काढायला लावलं.

चौथं आलं ते 'नोंदसखी'. काय ते रूप! मराठी अक्षरं, तक्ते, फोटो, आवाज साठवायची सोय. वर हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली टपोऱ्या अक्षरांत, "कायम मोफत!"

"कायम म्हणजे?" दर्शनाने विचारलं.

"कायम म्हणजे कायम गं," विनीत म्हणाला.

त्याखाली एकतीस पानांच्या अटी होत्या. विनीतच्या अंगठ्याने त्या दोन सेकंदांत वर सरकवल्या आणि "मान्य आहे" वर टेकला. त्या दोन सेकंदांत मला ओरडावंसं वाटलं होतं. सत्ताविसाव्या पानावर लिहिलं होतं की सेवेत केव्हाही, कसाही बदल करायचा अधिकार कंपनीकडे आहे. अरे, मग 'कायम' हा शब्द तुम्ही कुठल्या कोशातून काढला? खानावळवाल्याने असं लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाने ताट फेकून मारलं असतं.

पण दर्शनाने विश्वास ठेवला आणि लिहायला लागली. तिच्यासारखं लिहिताना मी कुणाला पाहिलं नाही. बालवाडीत वीस पोरांवर नजर ठेवून ठेवून तिची नजर तयार झालेली. "सकाळी ७.१०. दात घासताना. आधी डोळे डावीकडे. उजवा हात. दोन मिनिटं दहा सेकंद. नंतर तासभर झोप." नुसती मोठी फिटच नाही, तर अक्षदा जेवताजेवता क्षणभर हरवायची, घास हातातच राहायचा, तेही ती लिहायची. शाळेत बाईंनी "लक्ष नसतं हिचं" असा शेरा दिला होता. दर्शनाने ते तास आणि त्या वेळाही विचारून घेतल्या.

एकदा जाईबाई म्हणाली, "दर्शना गो, चेडवाक आधी वास येता म्हणान सांगता ती. जळक्या रबराचो. माका काय येना नाय. लिव ता."

दर्शनाने अक्षदालाच माझ्यासमोर बसवलं. "बोल गं, कसा वास येतो?"

अक्षदा माझ्या अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "आई, टायर जळतो ना, तसा. आणि मग पोटात लिफ्ट खाली जाते. पप्पांची लिफ्ट." मग स्वतःच हसली. हा आवाज नोंदसखीत साठवला गेला. सुरुवातीच्या महिन्यांत असे नऊ आवाज साठले.

अकरा महिन्यांत मोठ्या आणि छोट्या मिळून एकसष्ट नोंदी झाल्या. मधून मधून नोंदसखी खिडकी उघडून विचारायची, "आमची खास सेवा घेणार?" दर्शना खिडकी बंद करायची. एके दिवशी हसऱ्या बाईचं चित्र गेलं आणि त्या जागी जांभळा मुकुट आला. मला तेव्हाच शंका आली होती.

डॉक्टरांची महत्त्वाची तारीख मंगळवारी होती. सकाळी साडेसहाला रांग धरली, तेव्हा एक्केचाळिसावा नंबर लागला. सोबत जाईबाई आणि अक्षदा. बाकावर बसून दर्शनाने म्हटलं, एकदा सगळं डोळ्यांखालून घालू. तिने नोंदसखी उघडली.

शेवटच्या दहा नोंदी दिसल्या. बाकीच्या एक्कावन्न नोंदींची नुसती तारीख, आणि प्रत्येकीवर छोटं जांभळं कुलूप. वर लिहिलं होतं, "आम्ही आणखी चांगले झालो आहोत! जुन्या नोंदी पाहण्यासाठी खास सदस्य व्हा."

दर्शनाने एका कुलपावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. वर्षाचे पैसे एकरकमी भरा, तेही फक्त क्रेडिट कार्डाने. तिच्याकडे कुठलं कार्ड? राहुलला फोन लावला. तो लिफ्टच्या खड्ड्यात, रेंज नाही. मग विनीतला लावला.

"लॉक? असं कसं लॉक?" विनीत म्हणाला. "काहीतरी एरर असेल. वहिनी, एक काम कर. लॉगआउट कर आणि परत लॉगिन कर. सगळं येतं बरोबर."

नको! मी सांगतो, त्या क्षणी माझी एक शिट्टी जरी वाजली असती तरी मी ती वाजवली असती. कुलूप फक्त दाराला होतं हो! आतल्या सगळ्या नोंदी माझ्याच पोटात, माझ्या जागेत शाबूत होत्या. कुणी जाणकाराने मला उघडलं असतं तर एक्कावन्नच्या एक्कावन्न काढून दिल्या असत्या. पण लॉगआउट केलं की नोंदसखी जाताना घर धुऊन नेते, हे विनीतला माहीत नव्हतं आणि दर्शनाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तिने लॉगआउट केलं. एका श्वासात माझं पोट रिकामं झालं. परत आत गेली तर दहा नोंदी होत्या. आता तर बाकीच्यांच्या तारखाही दिसेनात.

"काय झाला गो?" जाईबाईने विचारलं.

"आई, सगळं गेलं," दर्शना म्हणाली. रडली नाही. पुढे रांगेत तिचा नंबर पुकारला.

डॉक्टर संघमित्रांनी दहा नोंदी वाचल्या. मग विचारलं, "आधीच्या?" दर्शनाने सांगितलं. आठवेल तेवढं बोलली. जाईबाई बोलली, अक्षदाही बोलली. डॉक्टर ऐकत होत्या, पण त्यांच्या पेनाने काही लिहिलं नाही.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण नऊ वर्षांच्या पोरीचं औषध मी आठवणीवर बदलणार नाही. महिन्याला फिट वाढल्या की कमी झाल्या, हेच मला दिसत नाहीये. दोन महिने थांबू. परत लिहा. मिळाल्या तर जुन्या आणा."

त्यांचं चुकलं नाही. पण ते दोन महिने कुणाच्या खात्यावर मांडायचे? त्या दोन महिन्यांत, शाळेतून येताना, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर अक्षदाला फिट आली. जाईबाईने दप्तर ओढून धरलं, पण हनुवटी पायरीच्या लोखंडी पट्टीवर आपटली. चार टाके पडले. कुठल्याशा शहरात, गार हवेच्या खोलीत बसून कुणीतरी ठरवलं होतं की मोफतवाल्यांना दहाच नोंदी दाखवायच्या. त्याला ही पायरी कुणी दाखवली असती तर बरं झालं असतं.

टाके घालून आणल्यावर विनीत दारातच उभा राहिला. आत येईना.

"वहिनी, माझ्यामुळे झालं."

"ते नंतर बघू," दर्शना म्हणाली. "आधी बसा भावजी, आणि त्या कंपनीला पत्र लिहा. मी सांगते तसं."

ती माझ्यात बोलली आणि मी अक्षर न् अक्षर उतरवलं. "माझं नाव दर्शना राहुल घाडी. तुमच्या ॲपमध्ये माझ्या मुलीचं दुखणं आहे. ते मी लिहिलंय. ते माझं आहे, तुमचं नाही. तुमच्या ॲपला टाळं लावा नाहीतर तोरण लावा, पण माझ्या मुलीच्या नोंदी मला परत द्या."

विनीतने त्याचं इंग्रजी केलं आणि दोन्ही पाठवलं. एका मिनिटात उत्तर आलं. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. परत तेच मोल. विनीतने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न सोडता धरून ठेवली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तेच पत्र, नवी तारीख घालून. जिथे जिथे नोंदसखीची स्तुती छापलेली होती, तिथे तिथे खाली हेच पत्र. लोक उत्तरं द्यायला लागले. कुणाच्या आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा अडकल्या होत्या, कुणाचा अर्धा प्रबंध.

एकोणिसाव्या दिवशी मी वाजलो. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी सुशांत बोलतोय, नोंदसखीच्या ग्राहक विभागातून. त्याचं काय आहे मॅडम, तुम्ही अटी मान्य केल्या होत्या…"

"दादा," दर्शनाने त्याला थांबवलं, "त्या अटी तुम्ही वाचल्यात?"

पलीकडून हळू आवाजात, "नाही मॅडम."

"मग आपण दोघं सारखेच. आता मला सांगा, माझं लिहिलेलं तुमच्याकडे आहे की पुसलंत?"

"आहे. म्हणजे… लिहिलेलं आहे. आवाज मात्र आम्ही तीन महिनेच ठेवतो."

दर्शनाने डोळे मिटले. "जे आहे ते पाठवा."

"मला तसा अधिकार नाहीये मॅडम. पण तुमचं पत्र मी आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो. रोजचं येतंय, आता सगळ्या मजल्याला पाठ झालंय."

तीन दिवसांनी फाइल आली. ओळी मोडलेल्या, तक्त्यांचा चिवडा झालेला, पण एक्कावन्नही नोंदी होत्या. दर्शना आणि विनीतने त्या चार संध्याकाळ बसून नीट लावल्या. ते नऊ आवाज मात्र आले नाहीत. टायर, पोटातली लिफ्ट आणि ते हसणं, सगळं गेलं. ते मी ऐकलं होतं, माझ्या तोंडाशी बोललेलं होतं, आणि माझ्याकडेही नाही. नोंदसखीने त्याबद्दल साधं "चुकलं" म्हटलेलं नाही. त्या कंपनीला मी माफ करणार नाही. फोनाच्या माफीला किंमत नसेल, तरीही करणार नाही.

ठरल्या तारखेला डॉक्टर संघमित्रांनी छापलेले कागद हातात घेतले. बाहेरची रांग कुरकुरत होती, पण त्या खाली मान घालून वाचत राहिल्या. पेनाने गोल करत गेल्या. वास, वास, परत वास. घास हातात राहिला, तो गोल. बाईंचा शेरा, तोही गोल.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हे हरवणं म्हणजे दुर्लक्ष नाही, छोटी फिटच आहे. शाळेला मी पत्र देते. पहिली गोळी हळूहळू बंद करू, दुसरी सुरू करू. आणि मेंदूचा मोठा आलेख काढायचा, दिवसभराचा. हा वास असा तारखांसकट मला सहा महिने आधी हवा होता." मग दर्शनाकडे बघून म्हणाल्या, "माझ्या शिकाऊ डॉक्टरांना एवढं नेमकं लिहिता येत नाही."

दर्शना तिथे पहिल्यांदा रडली.

नव्या गोळीने फरक पडला. आधी आठवड्याच्या फिट महिन्यावर गेल्या, मग मोठी फिट अडीच महिन्यांत एकच. शाळेतल्या बाईंनी अक्षदाला पहिल्या बाकावर बसवलं आणि घरी येऊन जाईबाईकडे चहाही पिऊन गेल्या.

पण नोंदी तर चालू ठेवायच्याच होत्या. मग परत ॲप निवडायची वेळ आली. विनीत सवयीने म्हणाला, "वहिनी, एक नवीन आलंय, फ्री…"

"फ्री सगळीच आहेत," दर्शना म्हणाली. "आज परीक्षा मी घेणार. तुम्ही फक्त बटणं दाबा."

तिने एकेक ॲप माझ्यात घेतलं आणि प्रत्येकात पाच खोट्या नोंदी लिहिल्या. "आता नेट बंद करा. दिसतंय? बरं. आता सगळं बाहेर काढून दाखवा. कागदावर येईल असं. आता लॉगआउट करा." एका ॲपने नेट नसताना तोंडच उघडलं नाही. दुसऱ्याने बाहेर काढायचं बटण मुकुटामागे लपवलेलं. तिसऱ्याने पाचातल्या तीनच नोंदी परत दिल्या. दर्शना प्रत्येकाला "नापास" म्हणायची आणि बोटाने उचलून टाकायची. मला इतका आनंद माझ्या जन्मात झाला नव्हता.

पास झालं ते माझ्यासोबत आलेलं साधं ॲप. रंग नाही, तक्ते नाहीत, पण लिहिलेलं बाहेर काढा म्हटलं की निमूट काढून देतं. "उद्या हेही बदललं तर?" विनीतने विचारलं. "म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कागदावर," दर्शना म्हणाली. "कुणावरच भाबडा विश्वास ठेवायचा नाही."

परवा इस्पितळात वरळीच्या कमळाबाई शेजारी बसल्या होत्या. नात दीपिकाच्या फिटसाठी कुणीतरी त्यांना ॲप घालून दिलेलं आणि त्यांचं बोट "मान्य आहे" वर टेकणार होतं. दर्शनाने ते बोट अलगद धरलं. "थांबा मावशी. आत जायच्या आधी बाहेर यायची वाट विचारून घेऊ." आणि दोघी डोकं डोक्याला लावून बसल्या.

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. फुकट घ्या, खुशाल घ्या. पण लिहिण्याआधी विचारा, माझं मला परत देशील का? जो आढेवेढे घेईल, त्याला दारातूनच वाटेला लावा. आणि ॲप बनवणाऱ्यांनो, तुमच्या भाषेत जी "जुनी माहिती" असते, ती कुणाच्या तरी घरात अजून चालू असते. तिच्यावर मुकुट चढवताना थोडी लाज बाळगा.

माझी बॅटरी आता फुगायला लागलीय. दुपारपर्यंत दम टिकत नाही. दिवाळीत विनीत वहिनीला नवा फोन घेणार आहे, असं कानावर आलंय. मला त्याचं वाईट वाटत नाही. अक्षदा आता स्वतःच्या नोंदी स्वतः लिहिते. डॉक्टरांनी सांगितलंय की काही झालं नाही तरी तसं लिहायचं. काल शाळेतून येऊन, हात धुऊन, तिने मला हातात घेतलं आणि लिहिलं, "आज काहीच नाही झालं. खोखोत दोन गडी बाद केले."

दर्शना, मला बंद करायच्या आधी ही ओळ माझ्यातून काढून घे. मग खुशाल बंद कर.